एका दिवसाचा खाडा

दुधाचा रतीब ज्या घरी आहे त्या घरी खाडा हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. गवळी आला नाही, की गृहिणी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेस फुली मारते; महिनाअखेरीस तेवढे दिवस वजा होतात आणि उरलेल्या दिवसांचे पैसे चुकते होतात. पूर्वी हेच काम दाराआडच्या कोळशाच्या रेघा करीत. एक खाडा पडला म्हणून सगळ्या रेघा पुसून टाकून ‘आता पहिल्यापासून मोजू’ असे कोणा गृहिणीने म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तसे कोणी म्हटले असते तर गवळ्याने त्या घराची वाटच सोडली असती.

इतकी उघड गोष्ट लिहिण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन असे की, गेल्या आगमनकाळापासून आमच्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांत दुधाखेरीज आणखी एका गोष्टीचा रोजचा हिशेब ठेवला जाऊ लागला आहे. बेळगावास संगणकाच्या नोकरीत असलेल्या आमच्याच एका तरुणाने कुटुंबांसाठी मोबाईलवरचे एक ॲप तयार केले. सवयींची नोंद ठेवणारी अशी ॲपे जगात पुष्कळ आहेत. कोणी पाणी पिण्याची नोंद ठेवतो, कोणी चालण्याची. आपल्या लोकांनी प्रार्थनेची ठेवावी, हा याचा हेतू. हेतू चांगला, मेहनत प्रामाणिक आणि मोबदला काहीच नाही. तेव्हा आम्ही त्याचे कौतुक मिस्सानंतर सर्वांसमक्ष केले आणि आजही करतो. त्या ॲपच्या रचनेविषयी येथे जे लिहीत आहोत ते त्याच्या संमतीने, किंबहुना त्याच्या आग्रहाने.

पहिले रूप साधे होते. पाच ओळी: सकाळची प्रार्थना, आंजेलुस, शुभवर्तमानातील एक उतारा, रात्रीची कौटुंबिक जपमाळ, आणि पाचवी ओळ कोरी. तीत ज्याने त्याने आपला निश्चय लिहावा. कोणी तंबाखू लिहिली, कोणी राग, कोणी दारू. काम झाले की ओळीवर बोट ठेवावे. चौकोन हिरवा होई आणि बाजूचा आकडा एकाने वाढे. तो आकडा सलग दिवसांचा. एक दिवस जरी राहिला तरी शून्य. शिवाय शेवटी एक यादी होती आणि तीत धर्मग्रामातील सर्व घरे आपापल्या आकड्यांच्या क्रमाने लागत.

प्रारंभी उत्साह मोठा. ज्या घरांतून जपमाळ ऑक्टोबर महिन्यापुरतीच ऐकू येई तेथून ती रोज रात्री ऐकू येऊ लागली. परंतु तिसऱ्या आठवड्यापासून निराळेच काही दिसू लागले. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवण झाली की आधी बोट आणि मग जपमाळ, असा क्रम झाला; पुढे पुढे नुसतेच बोट. एका घरच्या नातवाने शेजारच्या घरास मागे टाकावयाचे म्हणून सर्वांच्या वतीने सर्व ओळी हिरव्या करून ठेवण्याचे काम अंगावर घेतले. उलट, त्याच वाडीतील एका म्हातारबाईंची, ज्यांची जपमाळ लग्न होऊन आल्यापासून एकही रात्र चुकलेली नाही, त्या यादीत गणनाच नव्हती. कारण त्यांच्यापाशी मोबाईल नाही. मोजमाप सोयीसाठी म्हणून सुरू होते आणि पाहता पाहता धन्याच्या जागी जाऊन बसते, ते असे.

ही झाली गमतीची बाजू. आता जे सांगतो ते ज्या गृहस्थाचे आहे त्यांनी आमच्या ओसरीवर बसून, पापनिवेदनाबाहेर, आम्हांस सांगितले आणि ‘नाव न घालता लिहा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल’ असेही म्हटले. वीटभट्टीवर कामास जाणारे, चाळिशी उलटलेले, दोन मुलींचे वडील. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी त्यांनी कोऱ्या ओळीत ‘दारू नाही’ असे लिहिले आणि ४१ दिवस ते पाळले. नाताळ कोरडा गेला. मुली रोज सकाळी वडिलांचा आकडा मोठ्याने वाचीत. मग नात्यातील एका साखरपुड्यात आग्रह झाला आणि दोन पेले पोटात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल उघडला तो शून्य.

‘‘एक्केचाळीस दिवस काढलेले, फादर, एका रात्रीत सगळं पुसलं की वो,’’ ते म्हणाले. ‘‘शून्यावर बसलेल्या माणसाला आणखी एक दिवस शून्य, त्यात काय जड?’’

पुढे ११ दिवस ते प्याले. त्या अकरा दिवसांची मजुरी घरी आली नाही, आणि थोरल्या मुलीची परीक्षेची फी आईने स्वयंसाहाय्य गटातून उचल घेऊन भरली. त्या गृहस्थांस साखरपुड्यातील दोन पेल्यांनी जितके पाडले नाही तितके दुसऱ्या सकाळच्या शून्याने पाडले, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांच्या पुनःपतनाचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी ही अवस्था बारकाईने वर्णिली आहे: एकदा नियम मोडला की मनुष्य स्वतःस ‘मी असाच’ असे म्हणू लागतो, आणि मग एका चुकीची पूर्ण घसरण होते. आमच्या धर्मशास्त्रात या पायरीस निराशा म्हणतात. पेत्राने तीन वेळा नाकारले आणि तो बाहेर जाऊन रडला. यहूदाचे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे.

यावर एक आक्षेप त्या तरुणाने घेतला, आणि तो रास्त होता. दारू सोडणाऱ्यांची जगभर पसरलेली जी संघटना आहे, अल्कोहोलिक्स अनॉनिमस, जी १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी सुरू झाली, तिच्यातही शेवटच्या पेल्यापासूनच दिवस मोजतात. चुकला की पुन्हा पहिला दिवस. मग आपले शून्य तेवढे वाईट कसे? फरक असा की, तेथे ते शून्य माणसांच्या बैठकीत उच्चारले जाते. समोर बसलेल्यांतील पुष्कळांनी तेच शून्य पूर्वी उच्चारलेले असते आणि बैठक संपल्यावर कोणीतरी चहाचा पेला हाती देतो. आमच्या वीटभट्टीवरच्या बंधूस ते शून्य पहाटेच्या अंधारात, चुलीपाशी, एकट्याने वाचावे लागले. आकडा तोच, पण जवळ माणूस नाही.

आता वाचकांस वाटेल की हा सारा नव्या यंत्रांचा उपद्रव आहे. तसे नाही. सवयींची नोंदवही आमच्या ख्रिस्तसभेच्या घरात जुनी आहे, आणि तिची सर्वांत विचारपूर्वक आखलेली रचना संत इग्नेशियस लोयोला यांची. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात ‘विशेष परीक्षण’ नावाचा एक भाग आहे. सेमिनरीत असताना आम्हां सर्वांस ते करावे लागे. त्याची रीत अशी: एकच दोष निवडावा, एका वेळी एकच. सकाळी उठताच त्याविषयी सावध राहण्याचा निश्चय करावा. दुपारच्या जेवणानंतर, उठल्यापासूनचा एकेक तास डोळ्यांपुढे आणून, किती वेळा पडलो तेवढे ठिपके एका रेघेवर द्यावेत. रात्री जेवणानंतर तसेच दुसऱ्या रेघेवर. दिवसास दोन रेघा, आठवड्याचे सात दिवस. पुस्तकातील आकृतीत रविवारचे चिन्ह मोठे आणि पुढच्या दिवसांची चिन्हे लहान लहान होत जातात. दोष उत्तरोत्तर कमी व्हावेत, ही आशाच त्या आकृतीत रेखाटली आहे, असे आम्हांस वाटते.

परंतु रचनेचे मर्म पुढेच आहे. या ठिपक्यांचे करावयाचे काय? संत इग्नेशियस सांगतात, रात्री दुसरी रेघ पहिलीशी ताडून पाहावी. आजचा दिवस कालच्या दिवसाशी. हा आठवडा मागच्या आठवड्याशी. बस्स. बेरीज नाही, शून्य नाही, शेजाऱ्याच्या वहीशी तुलना तर नाहीच. पाच ठिपक्यांवरून तीनवर आलेला मनुष्य त्या पानावर पुढे गेलेला दिसतो. आमच्या ॲपच्या पहिल्या रूपात तोच मनुष्य दोन्ही दिवशी सारखाच नापास. आणखी एक सूचना तेथे आहे. दोष घडला त्याच क्षणी छातीवर हात ठेवून मनात पश्चात्ताप करावा. चारचौघांत असतानाही हे कोणाच्या लक्षात न येता करता येते. म्हणजे नोंद रात्रीची असली तरी उठणे त्याच क्षणीचे आहे.

याचीच एक लौकिक भावंड वही अमेरिकेत होऊन गेली. बेंजामिन फ्रँकलिन या मुद्रकाने, जो पुढे मुत्सद्दी म्हणून प्रसिद्ध झाला, तेरा सद्गुणांची यादी करून एका लहान वहीत प्रत्येकास एक पान दिले. आठवड्यास एका गुणाकडे विशेष लक्ष, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या; चुकेल तेथे काळा ठिपका. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडून काढता काढता कागदास भोके पडू लागली. तेव्हा त्याने रकाने हस्तिदंती पानांवर तांबड्या शाईने आखून घेतले आणि ठिपके शिसपेन्सिलीने देऊ लागला. ओल्या स्पंजाने पुसले की पान पुन्हा कोरे. वापरता वापरता उणीव दिसली आणि रचना सुधारली, याचा हा सुरेख दाखला आम्ही त्या तरुणास सांगितला तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘फादर, ही तर सुधारित आवृत्तीच झाली.’’ तेरावा गुण नम्रता हा मूळ यादीत नव्हता. लोक तुम्हांस गर्विष्ठ समजतात असे एका मित्राने सांगितल्यावर फ्रँकलिनने तो जोडला. असा मित्र ॲपमध्ये घालता आला असता तर बरे झाले असते.

मग सुधारणा काय करावयाची? पहिला प्रश्न, आकडा कशाचा दाखवावा. येथे संत थॉमस अक्विनास यांचा एक भेद आमच्या उपयोगी पडला. अभ्यासाने मिळविलेला सद्गुण एका कृत्याने नाहीसा होत नाही, कारण सवय पुष्कळ कृत्यांनी बनते. याउलट पवित्र करणारी कृपा एका प्राणघातक पापानेही जाते, आणि प्रायश्चित्त संस्काराने ती पुन्हा मिळते. तेव्हा कृपेचा हिशेब कोणत्याही आकड्यात बसत नाही. तो ॲपने करूच नये. तो देवापाशी आहे. ॲपने फक्त सवयीचा हिशेब करावा, आणि सवय ही एका खाड्याने मरत नाही, हे त्या हिशेबात दिसावे. सलग दिवसांच्या आकड्याने या दोन गोष्टींची गल्लत केली होती: सवय जणू कृपेप्रमाणे एका झटक्यात जाते असे तो दाखवी, आणि पापनिवेदनासारखा परतीचा दरवाजा मात्र ठेवीत नसे.

अनुभवाचे शास्त्रही हेच सांगते. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांस एकेक नवी सवय १२ आठवडे पाळावयास लावून केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस निघाला. पण कोणास १८ दिवस पुरले, तर कोणासाठी गणिताने पुढे काढलेला आकडा २५४ पर्यंत गेला. आणि एखाददुसरा प्रसंग चुकल्याने सवय घडण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते, त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या शल्यवैद्याच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रोग्यास नव्या चेहऱ्याची ओळख पटण्यास निदान एकवीस दिवस लागतात, एवढेच त्याने पाहिले होते.

आमच्या तरुणाने ‘लूप’ नावाच्या, कोणासही मोफत मिळणाऱ्या एका ॲपचे गणित अभ्यासिले आणि तसेच आपल्यात घेतले. ते समजण्यास कठीण नाही. सवयीचे बळ शंभरापैकी मोजावयाचे. ज्या दिवशी काम झाले त्या दिवशी शंभरास जेवढे उणे असेल त्याचा सुमारे विसावा भाग मिळवावयाचा. ज्या दिवशी खाडा पडला त्या दिवशी जवळ जेवढे असेल त्याचा सुमारे विसावा भाग वजा करावयाचा. आम्ही कागदावर मांडून पाहिले. आमच्या त्या बंधूंचे एक्केचाळिसाव्या दिवशीचे बळ ८९ भरले असते. साखरपुड्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांस शून्य नव्हे, ८४ दिसले असते, आणि पुन्हा संयम धरला असता तर सात दिवसांत पूर्वीची जागा मिळाली असती. अकरा दिवस प्याल्यानंतरही हाती ४७ उरले असते. तो कागद आम्ही त्यांस दाखविला. बराच वेळ ते त्या ८४ कडे पाहत बसले.

येथे एक सावधगिरीची सूचना. ८४ पाहून ‘अजून पुष्कळ शिल्लक आहे’ असे म्हणून दुसरा पेला उचलणारेही निघतील. म्हणून कोऱ्या ओळीत निश्चय लिहिताना एका सोबत्याचे नाव व क्रमांक लिहावा लागतो. खाडा पडला की ॲप आकड्याच्या आधी तो क्रमांक पुढे करते. सोबती ज्याने त्याने निवडावा. त्या गृहस्थांनी आपल्या थोरल्या मेहुण्यास निवडले आहे. तो स्वतः आठ वर्षांपूर्वी सुटलेला. आणि ज्यांचे पिणे अनेक वर्षांचे व रोजचे आहे त्यांनी एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. अशा वेळी शरीर कधी कधी जिवावर बेतेल असा त्रास देते. ॲप हे काही औषध नव्हे.

बाकीचे फेरफार थोडक्यात सांगतो. घरांची यादी काढून टाकली. दोन-तीन घरांस राग आला, पैकी एक पहिल्या क्रमांकाचे होते. ‘केले’ आणि ‘खाडा’ यांच्या जोडीस ‘सुटी’ आली; ज्वरात पडलेल्या माणसास किंवा बाळंतिणीस कोणी खाडा लावू नये. आठवणीची घंटा पूर्वी रात्री नऊ वाजता वाजे. आता ती नाही. त्याऐवजी ॲप पहिल्याच दिवशी विचारते, ‘कशानंतर?’ चूल पेटविल्यानंतर, गोठ्यातून आल्यानंतर, देवळाच्या घंटेनंतर. नवे काम जुन्या कामाच्या शेपटीस बांधले की ते टिकते. आमच्या पूर्वजांनी आंजेलुस दिवसातून तीन वेळा घंटेस बांधून ठेवली ती उगीच नव्हे. शेतात वाकलेल्या माणसास घड्याळ पाहावे लागत नाही. घंटा ऐकली की तो पाठ सरळ करतो आणि टोपी काढतो.

एका फेरफाराविषयी मात्र आम्ही हट्ट धरला. खेड्यात मोबाईल एका माणसाचा नसतो, घराचा असतो. बापाची पाचवी ओळ मुलगी वाचते, सुनेची सासू वाचते. ‘राग’ असे लिहिलेल्या एका सुनेस ‘कोणावर?’ असा प्रश्न विचारला गेला, आणि त्या संध्याकाळी त्या घरी जपमाळ झाली नाही. संत इग्नेशियस यांनी रेघेवर ठिपकेच द्यावयास सांगितले, दोषाचे नाव लिहावयास नव्हे. ठिपका ज्याचा त्यास कळतो. आता पाचव्या ओळीस नाव नाही, केवळ चिन्ह आहे: पान, तारा, दिवा, जे आवडेल ते. ती गुप्त क्रमांकाशिवाय उघडत नाही आणि तिच्यातील नोंद मोबाईलबाहेर कोठेही जात नाही, आमच्याकडेही नाही. काही पालकांनी मुलांच्या नोंदी आपणांस दिसाव्यात अशी मागणी केली. आम्ही नाही म्हटले. मुलाची जपमाळ झाली की नाही हे ज्या बापास पाहावयाचे आहे त्याने जपमाळेस बसावे.

आणि काहींनी हे ॲप वापरूच नये. ज्यांस जेथे पाप नाही तेथेही पाप दिसते, तेच पाप पुन्हा पुन्हा सांगूनही ज्यांस चैन पडत नाही, अशा शंकाकुल मनाच्या माणसांच्या हाती नोंदवही म्हणजे जखमेवर मीठ. संत इग्नेशियस यांस स्वतःस मान्रेसा येथे अशा शंकांनी इतके छळले की जीव द्यावा असे त्यांच्या मनात येऊन गेले. म्हणूनच त्याच पुस्तकात शंकांविषयी त्यांनी वेगळी टिपणे दिली आहेत. अशा दोघांस आम्ही ॲप काढून टाकावयास सांगितले आहे.

हे सुधारलेले रूप राखेच्या बुधवारपासून चालू आहे. रविवारची मिस्सा ओळींत घालावी काय, असे त्या तरुणाने विचारले होते. आम्ही नको म्हटले. रविवारी देवळात कोण आले नाही हे आम्हांस वेदीवरून दिसते, आणि दुपारी त्याच्या घरी जाऊन प्रकृती विचारण्याचे काम आमचे आहे, ॲपचे नव्हे.

ज्या घरी मोबाईल नाही, किंवा असून नको वाटतो, त्यांच्यासाठी सात दिवसांच्या दुहेरी रेघांचे कार्ड छापून घेतले आहे. ते पुढील रविवारी दोन्ही मिस्सांनंतर दाराशी मिळेल, किंमत नाही. एका घरास एक नव्हे, माणशी एक घ्यावे. ठिपक्यांसाठी पेन्सिल मात्र ज्याची त्याने आणावी.